२०० मिलिक्युरी दिले, पोहोचले किती?

प्रोस्टेटच्या कर्करोगावर शिरेतून दिला जाणारा ल्युटेशियम-पीएसएमए हा किरणोत्सारी उपचार घेतलेल्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड पाहिले तर त्यावर तारीख असते, उपचाराची कितवी सायकल म्हणजे फेरी ते असते, २०० मिलिक्युरी हा दिलेल्या किरणोत्सारितेचा आकडा असतो आणि सहा आठवड्यांनंतरची पुढची तारीख असते. मूत्रपिंडांना किती ग्रे (शोषलेल्या मात्रेचे एकक) मिळाले, हाडांतल्या गाठींना किती मिळाले, हे बहुतेक कार्डांवर नसते. त्याच रुग्णालयात बाह्य किरणोपचार घेणाऱ्या प्रोस्टेटच्या रुग्णाची फाइल उघडा. २० बैठकांत ६० ग्रे, मलाशयाच्या किती भागाला किती, मूत्राशयाच्या किती भागाला किती, सगळे आलेख आणि त्यावर भौतिकतज्ज्ञाची सही. आजार एकच, शस्त्रही किरणोत्साराचेच. तरी एका विभागात मात्रा ठरल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही आणि दुसऱ्या विभागात मात्रा मोजलीच नाही तरी कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे: ल्युटेशियम उपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक सायकलनंतर, निदान एक मोजमापाचा स्पेक्ट-सीटी स्कॅन, म्हणजे शरीरातले गामा किरण टिपून औषध कुठे किती आहे ते दाखवणारा स्कॅन, मिळायला हवा. त्यातून निघालेली ग्रेमधली मात्रा त्याच्या कागदपत्रांत लिहिली गेली पाहिजे. या मोजणीचा खर्च उपचाराच्या पॅकेजमध्येच धरला पाहिजे, वेगळी ऐच्छिक तपासणी म्हणून नव्हे. आणि तितक्याच आग्रहाने दुसरी गोष्ट: मोजलेला आकडा पुढे करून कोणाचा उपचार यांत्रिकपणे थांबवला जाऊ नये. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगणे गरजेचे आहे, कारण मोजणीला होणारा बराचसा विरोध उपचार असा थांबवला जाईल या भीतीतून येतो.

आधी उपचाराचे स्वरूप. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. त्याला चिकटणारा पीएसएमए-६१७ हा छोटा रेणू ल्युटेशियम-१७७ वाहून नेतो. ल्युटेशियमचे अर्धायुष्य ६.६५ दिवस. त्यातून निघणारे बीटा कण ऊतीत फार तर २ मिलिमीटर जातात, सरासरीने मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणून गाठीवर मारा होतो आणि शेजारचा भाग बराचसा वाचतो. पण हाच रेणू लाळग्रंथी, अश्रुग्रंथी आणि मूत्रपिंडांतही जातो. तिथला किरणोत्सार हीच या उपचाराची किंमत.

ल्युटेशियमचा आणखी एक गुण आहे आणि या लेखाचा सगळा भार त्यावर आहे. बीटाबरोबर ते गामा किरणही सोडते: २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे सुमारे १० टक्के आणि ११३ चे सुमारे ६ टक्के. म्हणजे उपचार करणारा अणूच कॅमेऱ्याला आपला पत्ता सांगतो. वेगळे औषध टोचावे लागत नाही. ज्या विभागात हा उपचार होतो तिथे गामा कॅमेरा बहुधा असतोच, आणि उपचारानंतर 'औषध नीट पसरले का' हे पाहण्यासाठी एक चित्र अनेक ठिकाणी काढलेही जाते. प्रश्न एवढाच की ते चित्र नुसते पाहायचे, की मोजायचे.

७.४ गिगाबेकरेल, म्हणजे २०० मिलिक्युरी, दर सहा आठवड्यांनी, जास्तीत जास्त सहा वेळा, हा आता जगभराचा शिरस्ता झाला आहे तो व्हिजन चाचणीमुळे. ८३१ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचाराला ल्युटेशियमची जोड मिळालेल्या गटाचे मध्यक आयुर्मान १५.३ महिने, न मिळालेल्यांचे ११.३. त्यावरून मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने मान्यता दिली. पण त्याच काळातल्या ऑस्ट्रेलियातल्या थेराप चाचणीने वेगळी पद्धत धरली होती: पहिल्यांदा ८.५ गिगाबेकरेल, मग प्रत्येक वेळी अर्धा गिगाबेकरेल कमी करत ६ पर्यंत. स्प्लॅश चाचणीत दुसरा रेणू होता आणि ६.८ गिगाबेकरेल, आठ आठवड्यांनी, चारच वेळा. यातला कोणताही आकडा समोरच्या रुग्णाच्या अवयवांतली मात्रा मोजून ठरलेला नाही. गोळीची ताकद ठरवतात तसा तो सर्वांसाठी एकदाच ठरला आहे.

गिगाबेकरेल आपल्याला सांगते ते फक्त शिरेत किती किरणोत्सारिता गेली ते. पेशीला इजा होते ती तिथे किती ऊर्जा शोषली गेली त्याने, आणि ती ग्रेमध्ये मोजतात. या दोहोंमध्ये रुग्णाचे शरीर उभे असते: गाठींचा एकूण आकार, त्यांच्यावरचे पीएसएमए, मूत्रपिंडांचे वजन आणि कार्यक्षमता, औषध किती वेगाने बाहेर पडते ते. व्हिजनच्या मात्रामापन उपअभ्यासात सरासरी अशी आली: दर गिगाबेकरेलमागे मूत्रपिंडांना ०.४३ ग्रे, लाळग्रंथींना ०.६३, अश्रुग्रंथींना २.१, लाल अस्थिमज्जेला ०.०३५. सहा सायकलींचे ४४.४ गिगाबेकरेल धरले तर मूत्रपिंडांना सुमारे १९ ग्रे. ही सरासरी सर्वत्र उद्धृत होते आणि तिच्या आधारावर 'मूत्रपिंडे सुरक्षित आहेत' असे म्हटले जाते. सरासरी रुग्णाच्या बाबतीत ते खरेही आहे. पण उपचार सरासरी रुग्णावर होत नसतो.

गाठींच्या बाजूनेही तेच. मेलबर्नच्या गटाने २०१९ मध्ये ३० रुग्णांचे मोजमाप प्रसिद्ध केले. पहिल्या सायकलीत शरीरातल्या सगळ्या गाठींना मिळून सरासरी १० ग्रेपेक्षा कमी मिळालेल्या ११ रुग्णांपैकी फक्त एकाचा पीएसए (आजाराचा कल दाखवणारे रक्तातले प्रथिन) निम्म्यावर आला. संख्या लहान आहे, ते मान्य. पण हा संकेत पहिल्याच आठवड्यात मिळतो, पीएसएचा कल स्पष्ट व्हायला दोन-तीन सायकली जातात. फैलावलेल्या आजारात ते तीन-चार महिने फार मोठे असतात. तेवढ्या काळात दुसरे केमो देता आले असते.

शिवाय एकाच रुग्णातही हे स्थिर राहत नाही. गाठींचे ओझे मोठे असले की त्या बरेचसे औषध ओढून घेतात आणि मूत्रपिंड, लाळग्रंथींच्या वाट्याला कमी येते. उपचार लागू पडून गाठी आक्रसल्या की तेवढ्याच गिगाबेकरेलमधला मोठा वाटा निरोगी अवयवांकडे वळतो. म्हणजे ज्याला उपचार उत्तम लागू पडतो, त्याच्याच मूत्रपिंडांना चौथ्या-पाचव्या सायकलीत जास्त सोसावे लागते, आणि तेही गाठींना फारसा लाभ न होता. थेरापमधली उतरती पद्धत याच विचारातून आली होती. पहिल्या सायकलीत मोजले आणि सहाने गुणले, हे म्हणून पुरत नाही.

आता मोजणी कशी होते. ती अवघड आहे, मोठ्या विद्यापीठीय केंद्रांनाच झेपते, असा समज पसरला आहे. तो आता खरा नाही.

मूळ हिशेब तीन गोष्टींचा: अवयवात एकूण किती अणू फुटले, प्रत्येक फुटीतून किती ऊर्जा तिथल्या तिथे शोषली गेली, आणि अवयवाचे वजन किती. दुसरी गोष्ट भौतिकशास्त्राने दिलेली आहे. ल्युटेशियम-१७७ साठी इलेक्ट्रॉनांची ऊर्जा धरली तर दर मेगाबेकरेल-तासाला, अवयवाच्या वजनाने भागण्याआधी, ०.०८५ ग्रे-ग्रॅम. तिसरी सीटीवर अवयव आखून मिळते. पहिल्यासाठी पूर्वी ४, २४, ७२ आणि १६८ तासांनी असे चार स्कॅन काढून वक्र बसवत. हान्शाइड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की योग्य वेळी काढलेला एकच स्कॅन पुरतो: त्या वेळची किरणोत्सारिता गुणिले टोचल्यापासूनच्या तासांची दुप्पट, भागिले ०.६९३. स्कॅनची वेळ त्या अवयवातल्या प्रभावी अर्धायुष्याच्या (क्षय आणि शरीराबाहेर पडणे मिळून किरणोत्सारिता निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळेच्या) पाऊण ते अडीच पटींच्या दरम्यान पडली, तर चूक १०-१२ टक्क्यांच्या आसपास राहते.

उदाहरण करून पाहू. ७.४ गिगाबेकरेल दिल्यानंतर ७२ तासांनी दोन्ही मूत्रपिंडांत मिळून ५५ मेगाबेकरेल आढळले. ५५ गुणिले १४४ भागिले ०.६९३, म्हणजे सुमारे ११,४०० मेगाबेकरेल-तास. त्याला ०.०८५ ने गुणून ३१० ग्रॅमने भागले, की ३.१ ग्रे. सहा सायकलींचे साधारण १९. अगदी पुस्तकातली सरासरी. पण ३१० ग्रॅम हे प्रमाण पुरुषाच्या प्रतिरूपातले वजन आहे. प्रोस्टेटच्या वाढत्या आजाराने मूत्रवाहिन्या दाबल्या जाऊन ज्याची मूत्रपिंडे आक्रसली आहेत, त्याच्या सीटीवर २२० ग्रॅम भरतील. तेवढेच ५५ मेगाबेकरेल तिथे ४.४ ग्रे देतात, आणि सहा सायकलींचे २६. औषध तेच, दोनशे मिलिक्युरी तेच, कॅमेऱ्यावरचा आकडाही तोच. फरक फक्त वजनाचा. हा हिशेब साध्या स्प्रेडशीटवर पाच मिनिटांत होतो.

स्कॅनची वेळ कोणती, यावर व्यवहार अडतो. मूत्रपिंडांतले प्रभावी अर्धायुष्य साधारण ३५-४० तास, गाठींतले बहुधा ५०-६०, काही गाठींत त्याहून जास्त. ७२ तास दोन्हींना झेपतात. ४८ तासांनी काढला तर ३६ तासांच्या मूत्रपिंडाचा आकडा ६ टक्के जास्त येतो आणि ५५ तासांच्या गाठीचा ५ टक्के कमी. हेही चालण्यासारखे आहे, मात्र ८० तास औषध धरून ठेवणाऱ्या गाठीचा अंदाज २० टक्क्यांनी खाली येतो. २४ तासांनी मूत्रपिंडाचा आकडा १६ टक्के कमी येतो आणि गाठीचा तिसऱ्या हिश्शाने. नांदेड किंवा चंद्रपूरहून मुंबईला आलेल्या माणसाला हे टक्के म्हणजे आणखी दोन रात्रींचा मुक्काम असतो. तोही अंगातून गामा किरण बाहेर पडत असताना, धर्मशाळेच्या किंवा नातेवाइकांच्या भरल्या खोलीत. म्हणून माझी शिफारस अशी: पहिल्या सायकलीत २४ आणि ७२ तासांचे दोन स्कॅन करून त्या रुग्णाचे स्वतःचे अर्धायुष्य काढावे, पुढच्या सायकलींत घरी जाण्याआधीचा एकच, ४८ तासांचा. अर्धायुष्य हाताशी असले की ४८ तासांच्या स्कॅनवरूनही नेमका आकडा निघतो. लांबून आलेल्यांसाठी विभागाने दोन रात्रींच्या खोलीची सोय करणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

हिशेब सोपा असला तरी आकडा बिघडवणाऱ्या जागा बऱ्याच आहेत, आणि त्या बहुतेक वेळा स्कॅनच्या आधीच्या असतात. सुरुवात डोस कॅलिब्रेटरपासून, म्हणजे टोचण्याआधी किरणोत्सारिता मोजणाऱ्या यंत्रापासून. ल्युटेशियमबरोबर ५४ ते ६३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरणही निघतात. ते काचेच्या कुपीत जास्त अडतात, प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये कमी. कुपीसाठी ठरवलेल्या सेटिंगवर सिरिंज मोजली की आकडा सरकतो आणि ती चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते. टोचून झाल्यावर सिरिंज आणि नळीत उरलेले मोजून वजा केले नाही, तर दिलेली किरणोत्सारिता कागदावर फुगते. मग वेळ. ल्युटेशियमच्या नैसर्गिक क्षयात तासाभराच्या चुकीने अर्धा टक्काही फरक पडत नाही, म्हणून लोक वेळेबाबत ढिले राहतात. पण एका स्कॅनच्या सूत्रात वेळ थेट गुणली जाते. '७२ तास' असे छापील लिहून प्रत्यक्षात ६४ तासांनी स्कॅन काढला, तर १२ टक्के चूक तिथेच झाली. कॅमेऱ्याचे घड्याळ आणि हॉट लॅबचे (औषध तयार करून मोजण्याच्या खोलीचे) घड्याळ एकमेकांशी जुळलेले असणे ही फुकटात मिळणारी अचूकता आहे.

कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन म्हणजे दर मेगाबेकरेलमागे किती काउंट (टिपलेले किरण) दिसतात ते काढणे. साधारण सहा लिटरच्या पाण्याच्या सिलिंडरमध्ये मोजून काही शे मेगाबेकरेल ल्युटेशियम घालायचे आणि रुग्णाचा स्कॅन जसा काढणार तसाच त्याचा काढायचा: मध्यम ऊर्जेचा कॉलिमेटर (कॅमेऱ्यापुढची शिशाची जाळी), २०८ वर दहा टक्क्यांची खिडकी (टिपायच्या ऊर्जेचा पट्टा), तिच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या किरणांसाठी दोन अरुंद खिडक्या, सीटीवरून क्षीणनाची (शरीरातच अडलेल्या किरणांची) दुरुस्ती, पुनर्रचनेची तीच आवर्तने. नुसत्या पाण्यात ल्युटेशियम घातले तर ते भांड्याच्या भिंतीला चिकटते आणि कॅलिब्रेशन वाकडे येते. पाण्यात डीटीपीए (ल्युटेशियम धरून ठेवणारे रसायन) किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे लागते. अनेक विभागांत टेक्नेशियमचा, म्हणजे रोजच्या स्कॅनमधल्या अणूचा, कमी ऊर्जेचा कॉलिमेटर कायम चढवलेला असतो आणि बदलायचा कंटाळा केला जातो. २०८ चे फोटॉन त्याच्या पातळ भिंतीतून आरपार येतात, चित्रावर धुके पसरते, आणि त्या धुक्याला मापात धरता येत नाही. चित्र पाहून निदान करायला ते चालून जाईलही, मोजायला नाही.

लहान गाठींचा प्रश्न वेगळा. स्पेक्टची विभेदनक्षमता एक सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून वाईट. १० मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यातली किरणोत्सारिता शेजारच्या जागेत इतकी पसरलेली दिसते की आतला आकडा खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी येतो. म्हणून १० ते ३७ मिलिमीटरच्या सहा गोळ्यांचा फँटम (रुग्णाच्या जागी ठेवायचे नमुना-भांडे) स्कॅन करून प्रत्येक आकारासाठी दुरुस्तीचा गुणक काढून ठेवावा लागतो. तरीही दीड सेंटिमीटरपेक्षा लहान लसीकाग्रंथीला दिलेला ग्रेचा आकडा छातीठोकपणे सांगू नये. अश्रुग्रंथीचे उदाहरण बोलके आहे: सरासरीने सहा सायकलींचे ९२ ग्रे कागदावर दिसतात, पण एवढ्याशा ग्रंथीचे माप आणि सीमा दोन्ही शंकास्पद असतात, आणि डोळे कोरडे पडण्याचे प्रमाण त्या आकड्याला शोभेल इतके नसते. व्हिजनमध्ये कोरड्या तोंडाची तक्रार सुमारे ३९ टक्के रुग्णांची होती, बहुतेकांची सौम्य.

मूत्रपिंड आखताना फुगलेल्या वृक्कद्रोणीत (मूत्रपिंडातल्या लघवी जमण्याच्या पोकळीत) साठलेली किरणोत्सारी लघवी मूत्रपिंडात धरली जाते, ही प्रोस्टेटच्या रुग्णांत नेहमी होणारी चूक. मात्रा फुगते आणि रुग्णाला विनाकारण उपचारातून काढले जाऊ शकते. स्कॅनआधी लघवी करायला लावणे, द्रोणी वगळून केवळ ऊती आखणे, आतड्यातला शेजारचा उजेड उजव्या किंवा डाव्या मूत्रपिंडात मिसळत नाही ना हे तपासणे, एवढ्याने बरेच निभावते. अस्थिमज्जा मात्र अजून हाती लागलेली नाही. मज्जेतच गाठी पसरलेल्या असतात, तेव्हा शेजारच्या गाठीचा मारा किती आणि रक्तातून आलेला किती, हे स्कॅनवरून वेगळे होत नाही. तिथे दर दोन आठवड्यांच्या रक्ततपासणीतले प्लेटलेट जास्त खरे सांगतात.

आता विरोधकांचे सगळ्यात वजनदार म्हणणे: व्हिजनमध्ये कोणाचीही मात्रा मोजून डोस बदलला नव्हता, तरी माणसे जास्त जगली, मोजून उपचार केल्याने ती आणखी जास्त जगतील हे प्रोस्टेटमध्ये कोणत्याही तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीने सिद्ध केलेले नाही, मग गरीब देशातल्या रुग्णावर हा खर्च का? पहिली दोन विधाने खरी आहेत. पण शेजारच्या उपचारांत पुरावा आला आहे. यकृताच्या कर्करोगात यिट्रियम-९० चे सूक्ष्म गोळे देण्याच्या डोसिस्फिअर चाचणीत ६० रुग्ण होते. ठोकळ मापाऐवजी गाठीला निदान २०५ ग्रे मिळतील असे बेतून डोस दिला, तेव्हा प्रतिसाद ३६ वरून ७१ टक्क्यांवर गेला. स्वीडनमध्ये उप्सालाला न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या) गाठींच्या रुग्णांना ठरावीक चार सायकलींऐवजी मूत्रपिंडांची मर्यादा येईपर्यंत ल्युटेशियम दिले गेले, आणि बऱ्याच जणांना चाराहून जास्त सायकली सुखरूप मिळाल्या. म्हणजे मोजणीने उपचार कमीच होतो असे नाही, वाढतोही. आणि प्रोस्टेटमधला पुरावा मोजल्याशिवाय येणार कुठून? आज हजारो रुग्ण उपचार घेत आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गाठींना किती ग्रे मिळाले याची नोंद कुठेच राहत नाही. ही माहिती नंतर काढता येत नाही. ल्युटेशियम विरून गेले की ती कायमची गेली.

युरोपात कायद्याने हा प्रश्न निकालात काढला आहे, निदान कागदावर. २०१३/५९ या युराटम (युरोपीय अणुऊर्जा समुदाय) निर्देशाचे कलम ५६ सांगते की किरणोपचारातली प्रत्येक मात्रा रुग्णागणिक आखली गेली पाहिजे आणि दिल्यानंतर पडताळली गेली पाहिजे. त्यात अणुवैद्यकातले उपचारही धरले आहेत. फेब्रुवारी २०१८ पर्यंत सदस्य देशांनी ते आपापल्या कायद्यात आणायचे होते. युरोपीय अणुवैद्यक संघटनेने नंतर तीन पायऱ्या सुचवल्या: ठरावीक किरणोत्सारिता देऊन सरासरी मात्रा गृहीत धरणे, ठरावीक देऊन त्या रुग्णाची मात्रा मोजणे, आणि मोजलेल्या मात्रेवरून पुढचा डोस ठरवणे. आपण दुसऱ्या पायरीचा आग्रह धरावा. तिसरी आजच सक्तीची करणे चुकीचे ठरेल.

चुकीचे का, ते २३ ग्रेच्या आकड्यावरून कळते. मूत्रपिंडांची मर्यादा म्हणून तो सर्रास सांगितला जातो. तो १९९१ च्या एमामी आणि सहकाऱ्यांच्या तक्त्यातला आहे: बाह्य किरणोपचारात संपूर्ण मूत्रपिंडांना २३ ग्रे दिले तर पाच वर्षांत पाच टक्के रुग्णांत बिघाड. तिथे प्रत्येक बैठकीतले २ ग्रे काही मिनिटांत जातात. ल्युटेशियमचे ३ ग्रे कित्येक दिवसांत झिरपतात आणि पेशीला दुरुस्तीला वेळ मिळतो. हा फरक धरून जैविक प्रभावी मात्रा काढता येते. दुरुस्तीचे अर्धायुष्य २.८ तास आणि अल्फा-बीटा गुणोत्तर (ऊती मात्रेच्या वेगाला किती संवेदनशील आहे ते दाखवणारा आकडा) २.५ ग्रे धरले, तर वरच्या आक्रसलेल्या मूत्रपिंडांच्या २६ ग्रेची जैविक मात्रा सुमारे ३० येते. न्यूरोएंडोक्राइन गाठींवरच्या पेप्टाइड उपचारांच्या अनुभवातून आलेल्या मर्यादा आहेत ४०, आणि मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर २८. म्हणजे तोच आकडा एका रुग्णाला हिरवा कंदील आहे आणि दुसऱ्याला इशारा. मग त्या दुसऱ्याच्या हाती दीड वर्षाचे आयुष्य असेल आणि हाडांच्या वेदना ल्युटेशियमने थांबत असतील, तर पाच वर्षांनी होऊ शकणारा बिघाड दाखवून त्याची सहावी सायकल काढून घेणे क्रूर आहे. आकडा डॉक्टर, रुग्ण आणि घरचे यांच्यासमोर ठेवावा आणि निर्णय त्यांनी करावा. विमा कंपनीने किंवा योजनेच्या संगणकाने नव्हे.

हे गणित आता बदलते आहे, म्हणून घाई आहे. मार्च २०२५ मध्ये एफडीएने केमोच्या आधीही हा उपचार देण्यास मान्यता दिली, आणि हार्मोनला दाद देणाऱ्या अवस्थेतल्या रुग्णांवरही चाचण्या झाल्या आहेत. या माणसांपुढे कित्येक वर्षांचे आयुष्य असते. त्यांच्या मूत्रपिंडांना आज काय मिळाले हे २०३२ मध्ये क्रिएटिनिन वाढल्यावर शोधून सापडणार नाही.

भारतात मोजणीची गरज परदेशापेक्षा जास्त आहे, कमी नाही. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते, अणुऊर्जा विभागाची ब्रिट ही संस्था ते पुरवते, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरपासून दिल्लीच्या एम्सपर्यंत अनेक केंद्रांनी हा उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला आहे. ही मोठी कामगिरी आहे. पण ल्युटेशियमवर थेट न्यूट्रॉन मारून केलेल्या या उत्पादनात किरणोत्सारी नसलेले ल्युटेशियमही सोबत असते, आणि तेवढ्याच मिलिक्युरीसाठी रेणूचे प्रमाण जास्त लागते. रेणूचे प्रमाण बदलले की गाठी, मूत्रपिंड आणि लाळग्रंथींतले वाटपही बदलू शकते. परदेशात तयार कुपीवर काढलेली ०.४३ ची सरासरी आपल्या लॅबमध्ये जोडलेल्या औषधाला आपोआप लागू होत नाही. याचीच दुसरी बाजू फायद्याची आहे. परदेशातल्या विभागाला कारखान्यातून ७.४ ची बंद कुपी येते, तिच्यात फारसा फेरफार करता येत नाही. आपल्याकडे औषध विभागातच जोडले जाते, त्यामुळे मोजलेल्या आकड्याला धरून २०० च्या जागी १५० किंवा २३० मिलिक्युरी देणे शक्य असते. डोस बदलण्याची मुभा आहे आणि बदलण्यासाठी लागणारा आकडा नाही, ही स्थिती फार काळ ठेवण्यासारखी नाही.

लागणारे बळ मोठे नाही. कॅमेऱ्यावर शरीराचे दोन भाग लागोपाठ टिपणारा एक स्कॅन, तीस-चाळीस मिनिटे. आखणी आणि हिशेब, सवय झालेल्या भौतिकतज्ज्ञाला तास-दीड तास. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांमुळे विभागात किरणोत्सार सुरक्षा अधिकारी असतोच, पण त्याचे काम कर्मचारी, खोल्या आणि कचऱ्याची सुरक्षा पाहण्याचे. रुग्णाच्या अवयवातली मात्रा मोजणे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. ते मंडळाने यादीत घालावे आणि त्यासाठी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाचे पद मागावे. पैसे देणाऱ्यांनी, मग ती सरकारी योजना असो की खासगी विमा, प्रत्येक सायकलीच्या दरात स्कॅन आणि हिशेब धरावा आणि मात्रेचा अहवाल जोडल्याशिवाय सायकल पूर्ण झाली असे मानू नये. अहवालात काय असावे? दिलेली निव्वळ किरणोत्सारिता, स्कॅनची खरी वेळ, मूत्रपिंडांचे आखलेले वजन, दोन्ही मूत्रपिंडांची आणि लाळग्रंथींची मात्रा, सगळ्यात मोठ्या पाच गाठींची मात्रा, आजवरची बेरीज, आणि आकड्यात किती चूक असू शकते त्याचा अंदाज. शेवटचा रकाना टाळू नये. '४.४ ग्रे' पेक्षा '४.४, वीस टक्के इकडेतिकडे' हे जास्त उपयोगाचे असते.

अ‍ॅक्टिनियम-२२५ च्या अल्फा उपचाराला मात्र हीच मागणी तशीच लावता येणार नाही. दिली जाणारी किरणोत्सारिता काही मेगाबेकरेलच असते, गामा अगदी थोडे, त्यामुळे कॅमेऱ्याला काउंट मिळत नाहीत. शिवाय अल्फा सुटताना बसणाऱ्या धक्क्याने कन्या अणू मूळ रेणूपासून तुटून दुसरीकडे जातात आणि अल्फाचा पल्ला काही पेशींपुरताच असतो. अख्ख्या लाळग्रंथीची सरासरी तिथे फारसे काही सांगत नाही. तिथे आधी लागते ती कोरड्या तोंडाची, गिळण्याची आणि वजनाची शिस्तीत ठेवलेली नोंद.

ल्युटेशियमकडे परत येतो, कारण तिथे आज करण्यासारखे एक ठोस काम आहे. मुंबईत काढलेले ३ ग्रे आणि पुण्यात काढलेले ३ ग्रे खरोखर तेवढेच आहेत का, हे आज कोणी सांगू शकत नाही. किरणोत्सारितेची राष्ट्रीय मानके तुर्भ्याला बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्रात) आहेत, आणि आयोडीन-१३१ साठी देशभरातल्या अणुवैद्यक केंद्रांच्या मापांची पडताळणी बीएआरसीने पूर्वी केलेली आहे. तसेच ल्युटेशियमसाठी करावे: मोजून भरलेली एकच कुपी आणि तिच्यासोबत गोळ्यांचा एक फँटम केंद्राकेंद्रांतून फिरवावा, प्रत्येकाने आपल्या कॅलिब्रेटरवर आणि कॅमेऱ्यावर काय आले ते कळवावे, आणि फरक किती पडले ते केंद्रांची नावे न देता जाहीर करावे.